तीन उतारांचे सांडपाणी

बुलढाणा जिल्ह्यातील माणूस आपल्या मुलखाची वाटणी फार थोडक्यात करतो : काही तालुके घाटावरचे, काही घाटाखालचे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने ही वाटणी केव्हाच करून ठेवली असून, महसूल खात्याने पुढे १३ तालुके पाडले तरी सोयरीक जुळविताना, बैलजोडी घेताना किंवा पावसाची चौकशी करताना आजही तीच उपयोगी पडते. मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखालचे; बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर आणि लोणार हे घाटावरचे. घाटाखाली पडलेला पाऊस नळगंगा, ज्ञानगंगा, वान अशा नद्यांतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि तापीतून पश्चिम समुद्राला मिळतो. घाटावरचा पाऊस बुलढाणा शहराजवळ उगम पावणाऱ्या पैनगंगेने किंवा देऊळगावकडील खडकपूर्णेने दूरचा वळसा घेऊन गोदावरीच्या द्वारे पूर्वसमुद्रास जातो. हे भूगोलाच्या पहिल्या पुस्तकातले ज्ञान झाले. त्या पुस्तकात न सांगितलेली गोष्ट अशी की, पावसाचा जो मार्ग तोच न्हाणीच्या आणि मोरीच्या पाण्याचाही मार्ग आहे. आणि म्हणून एकाच जिल्हा परिषदेच्या अमलाखाली नांदणाऱ्या दोन गावांपैकी एकाचे सांडपाणी सुरतेकडे, तर दुसऱ्याचे आंध्राच्या किनाऱ्याकडे प्रस्थान ठेवीत असते.

या दोन उतारांखेरीज जिल्ह्यात तिसराही एक उतार आहे. लोणारच्या विवरात उतरलेला थेंब कोणत्याही समुद्रास जात नाही. तेथे नदी आरंभच पावत नाही. सभोवतालच्या काठावरून जे जे खाली येईल ते ते तळाशी साठावयाचे आणि उन्हाने जेवढे उडून जाईल तेवढेच काय ते कमी व्हावयाचे. सांडपाण्याचा विचार आपल्याकडे इतकी वर्षे न करता चालले, त्याचे कारण पहिले दोन उतार आहेत. तो विचार टाळून चालत नाही हे ज्याने न्यायालयाच्या दारापर्यंत नेऊन दाखविले, तो हा तिसरा.

जुन्या वऱ्हाडी गावात सांडपाण्याचा प्रश्न नव्हता असे वडीलधारी मंडळी सांगतात, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु त्याचे श्रेय त्या काळच्या स्वच्छतेला देण्यापेक्षा टंचाईला देणे अधिक न्याय्य होईल. विहिरीवरून डोक्यावर हंडे वाहून आणलेले पाणी कोणी सैल हाताने खर्च करीत नाही. आंघोळीचे पाणी परसातल्या केळीला, भांड्यांचे अळूला किंवा कर्दळीला, आणि त्यातूनही उरलेले चार तांबे अंगणातल्या मुरुमात जिरून जात. उकिरडा होता, गुरांचे मूत्र होते, माश्या होत्या, साथी तर होत्याच. नव्हती ती फक्त वाहती नाली. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन ज्या वऱ्हाडातली गावे झाडली, त्या गावांची घाण बहुतांशी कोरडी होती. ती झाडता येत असे.

पाणी नळाने घरात आले आणि हिशेब पालटला. २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण माणसामागे दररोज ५५ लिटर पाण्याचे मान ठरविले आहे. अभियंते असे धरून चालतात की घरात शिरलेल्या पाण्याचा सुमारे दोन-तृतीयांश ते चार-पंचमांश भाग वापरून पुन्हा बाहेर पडतो. म्हणजे हजार वस्तीच्या मौज्यात योजना पूर्ण क्षमतेने चालली, तर सुमारे ३७ ते ४४ हजार लिटर पाणी दररोज उंबरठा ओलांडून परत निघते. त्यात साबण आहे, खरकटे आहे, तेलकटपणा आहे, बाळाचे लंगोट धुतल्याचा अंश आहे. आणणाऱ्या पाण्यासाठी टाकी, जलवाहिनी, मीटर, पाणीपट्टी, पाणीपुरवठा समिती असा सारा सरंजाम उभा राहिला. जाणाऱ्या पाण्याच्या वाट्याला सिमेंटची नाली आली.

घाटाखाली हा विरोधाभास अधिक तीव्र आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, विशेषतः संग्रामपूर, जळगाव जामोद आणि शेगाव या बाजूस, विहिरी व कूपनलिकांचे पाणी पिढ्यान् पिढ्या खारट आहे आणि तेथील मूत्रपिंडाच्या विकारांचा विषय वर्तमानपत्रांतून व विधिमंडळातून अनेकदा निघालेला आहे. अशा गावी धरणाचे गोडे पाणी नळाने येणे हा खरोखरीचा उत्सव होय, आणि त्या दिवशी नालीचा विषय काढणारा मनुष्य अरसिकच ठरावयाचा. पण घाटाखालची जमीन काळी, चिकण आणि पुरुष-दोन पुरुष खोल. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि एकदा भिजली की वरचे पाणी आत घेण्याचे नाकारते. त्या जमिनीवर वर्षभर वाहणारे पाणी आले की ते जिरत नाही. गल्लीत थबकून राहते, हिरवे होते, आणि डासांना बारमाही घर मिळते.

नालीविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण ग्रामपंचायतीच्या ठरावबुकात तिच्याइतका लाडका विषय दुसरा नसेल. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावाच्या आरोग्यरक्षणाची आणि गटारांची कामे पंचायतीकडे सोपविली. तेव्हापासून आमदार निधी असो, वित्त आयोग असो की आणखी कोणती योजना असो, नालीचे अंदाजपत्रक सर्वांत लवकर तयार होते. ती सरळ असते, मोजता येते, तिचे छायाचित्र काढता येते आणि तिच्या उद्घाटनास नारळ फोडता येतो. तिच्यात एकच उणीव असते : ती कोठे संपते हे अंदाजपत्रकात लिहिलेले नसते. गावठाणाची हद्द आली की नाली संपते. पुढे पांदण असते, पांदणीच्या पलीकडे नाला असतो, आणि त्या नाल्याच्या काठी मैल-दीड मैलावर खालच्या गावाची सार्वजनिक विहीर असते. वरच्या गावाच्या दप्तरी काम पूर्ण झालेले असते. पाण्याचा प्रवास मात्र तेथूनच सुरू होतो, आणि दोन पंचायतींच्या हद्दींमध्ये पडणारा तो तुकडा कोणत्याच दप्तरात येत नाही.

त्यातच शौचालयांची भर पडली. २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने महाराष्ट्रातील गावागावांत स्पर्धेचे वारे आणले, पुढे निर्मल ग्राम पुरस्कार आले, मग स्वच्छ भारत मिशन आले, आणि उघड्यावर बसण्याची चाल पुष्कळशी मागे हटली. हे काम लहान नव्हे. परंतु शौचालय कसे बांधावे याविषयी शहाण्या माणसांनी जे सांगून ठेवले होते, ते घाईत बाजूस पडले. कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे सोनखत करण्याचा उद्योग जन्मभर चालविला. त्यांचाच वारसा सांगणारे डॉ. सुहास मापुसकर १९५९ च्या सुमारास वैद्यकीय अधिकारी म्हणून देहूस गेले आणि तुकोबांच्या त्या गावात त्यांनी शौचालयांचा, पुढे शौचालयास जोडलेल्या जैववायू संयंत्रांचा प्रयोग चिकाटीने केला. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या परंपरेचा आग्रह दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयाचा आहे. एक खड्डा भरला की प्रवाह दुसऱ्याकडे वळवावयाचा, पहिला दीड-दोन वर्षे मिटून ठेवावयाचा, आणि मग उघडला तर आत कोरडे, गंधहीन खत निघते. खर्च कमी, वीज नको, उपसणारा माणूस नको.

आमच्याकडील घरधन्याला मात्र ही कल्पना पटत नाही. खड्डा चार-पाच वर्षांत भरतो म्हणजे लवकर भरतो, असे त्याला वाटते. म्हणून तो खोल, पक्की, तळापासून प्लास्टर केलेली टाकी बांधतो, तिला सेप्टिक टँक असे भारदस्त नाव देतो, आणि ती कधीच भरू नये म्हणून तिच्या तोंडाजवळून एक नळी गुपचूप नालीत सोडतो. टाकी खरोखरच भरत नाही. आजवर जी नाली साबणाचे पाणी वाहत होती ती आता मैला वाहू लागते, आणि रोगजंतूंच्या दृष्टीने हा फरक केवळ अंशाचा राहत नाही. हागणदारीमुक्त म्हणून घोषित झालेल्या गावाची हागणदारी जर नळीवाटे गल्लीतून वाहत असेल, तर तिला मुक्ती कोणत्या अर्थाने मिळाली, हे प्रमाणपत्र देणाऱ्यांनीच सांगावे.

उपाय अज्ञात आहेत असे मुळीच नाही. मराठवाड्यात नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे खणून नाल्याच बंद केल्या आणि डासमुक्त गाव म्हणून लौकिक मिळविला. ती पद्धत पुढे जिल्हाभर रोजगार हमीच्या कामांतून पसरली. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा, मधोमध छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी, तिच्याभोवती दगडगोटे, वर झाकण. गाळ टाकीत बसतो, पाणी छिद्रांतून दगडांत आणि दगडांतून जमिनीत जाते. एवढे साधे यंत्र नसेल. घाटावर, जेथे हात-दोन हात मातीखाली मुरूम लागतो, तेथे हा खड्डा उत्तम चालतो. चिखली-मेहकरकडच्या गावांना याहून वेगळे काही शोधण्याचे कारण नाही. टाकीतला गाळ वेळोवेळी काढण्याचे कारण मात्र आहे, आणि तेवढे केले नाही तर खड्डा तुंबून पाणी पुन्हा अंगणात येते.

घाटाखालच्या काळ्या जमिनीत हाच खड्डा पहिल्या दोन पावसाळ्यांतच हार मानतो. शासकीय परिपत्रकास घाट दिसत नाही. संपूर्ण जिल्ह्याला एकच नकाशा आणि एकच उद्दिष्ट धाडले जाते, आणि खड्ड्यांची संख्या पूर्ण झाली की मोहीम फत्ते झाल्याचा अहवाल वर जातो. ज्या जमिनीत पाणी मुरत नाही तेथे ते एकत्र करून उन्हात ठेवावे लागते, आणि त्याचे शास्त्र परदेशातून मागविण्याची गरज नाही. ते विदर्भातच, नागपुरास तयार झालेले आहे. १९५८ साली तेथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली, जी १९७४ पासून नीरी या नावाने सर्वांस परिचित आहे. सो. ज. आर्सेवालांसारख्या तज्ज्ञांनी तेथे उथळ तळ्यांचा अभ्यास केला आणि भारतीय हवामानासाठी त्यांच्या रचनेचे पुस्तक १९७० साली सिद्ध केले.

हे तळे मीटर-दीड मीटर खोल असते. मैल्यातील सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात, त्यांच्या श्वासातून सुटलेल्या कर्बवायूवर शेवाळ वाढते, शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते, आणि तो प्राणवायू पुन्हा जिवाणूंना मिळतो. पंखा नाही, मोटार नाही. अक्षांश जितका कमी तितके ऊन अधिक, आणि ऊन जितके अधिक तितके तळे लहान पुरते. विसाव्या अक्षांशावर, म्हणजे बुलढाण्याच्या नेमक्या पट्ट्यात, भारतीय मानकाप्रमाणे अशा तळ्याच्या एका हेक्टरावर दररोज २५० किलोपर्यंत जैविक प्राणवायू मागणीचा, म्हणजे घाण पचविण्यास जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूचा, भार टाकता येतो. माणशी ४५ ग्रॅम धरले तर हजार माणसांच्या गावाला सुमारे १८ गुंठे जलपृष्ठ लागेल. बांध, रस्ता आणि दुसरे लहान तळे धरून एक एकर म्हणू. विदर्भातील पुष्कळ गावांना ई-क्लास जमीन असते. गुरचरणीसाठी राखलेल्या त्या सरकारी पडीक जमिनीतून एक एकर काढणे कागदावर मुळीच अवघड नाही. प्रत्यक्षात त्या जमिनीवर कोणाचा गोठा असतो, कोणाची दोन पिढ्यांची वहिती असते, आणि अतिक्रमण हटविण्यापेक्षा यंत्र विकत घेणे सरपंचास सोपे वाटते.

यंत्रेही खेड्यांसाठीच निघाली होती, हे येथे नोंदविण्यासारखे आहे. नेदरलंड्समध्ये पास्फेर नावाच्या संशोधकाने १९५४ साली फोरस्खोतेन या ठिकाणी काही शे माणसांच्या वस्तीसाठी लंबवर्तुळाकार खंदक बांधला आणि फिरत्या कुंचल्याने त्यातील पाणी खेळते ठेवून प्राणवायू पुरविला. त्याच्या साधेपणामुळे ती पद्धत जगभर गेली. परंतु तो कुंचला वीज मागतो, आणि बंद पडल्यास काही तासांतच खंदक कुजू लागतो. भारनियमन अंगवळणी पडलेल्या मुलखात शेवाळाचे तळे अधिक विश्वासाचे. तेही आपोआप चालत नाही : काठावरचे गवत कापावे लागते, नाहीतर डास तेथेच वाढतात, जलपर्णी शिरली तर ऊन अडते आणि सारा व्यवहार थांबतो, काही वर्षांनी तळाचा गाळ काढावा लागतो. कामे थोडी आहेत, पण ती दर आठवड्याला करणारा माणूस नेमलेला असावा लागतो.

आता लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, काठापासून दीडशे मीटरच्या आसपास खोल असे हे विवर दख्खनच्या बेसाल्टात अशनीच्या आघाताने पडले. १९७३ साली भूवैज्ञानिकांनी खडकांतील पुराव्यांवरून ते सिद्ध केले. वयाविषयी मतभेद आहेत : एका मापनाने ते ५० हजार वर्षांच्या घरात, तर दुसऱ्याने साडेपाच लाखांच्या पुढे जाते. तळाचे पाणी सोड्याचे, आम्लविम्ल निर्देशांक दहाच्या आसपास, आणि त्यात जे सूक्ष्म जीव राहतात ते इतरत्र क्वचित आढळतात. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख काच आणि साबण यांचे साहित्य देणारे स्थळ म्हणून आहे, आणि येथून काढलेला खार दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा प्रतींनी विकला जाई. काठावर धार नावाच्या झऱ्याचे बारमाही पाणी, दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर, खाली तळ्याकाठी कमळजादेवी.

विवराचा काठ सभोवतालच्या पठाराहून उंच असल्यामुळे बाहेरचे पाणी स्वभावतः बाहेरच राहावयास हवे. परंतु ईशान्येस धारेच्या ओहोळाने तो काठ युगानुयुगे चिरत आणला आहे, आणि लोणार गाव त्याच बाजूस वसले आहे. जेथे गोडे पाणी तेथे वस्ती, हा मानवी इतिहासाचा नियमच होय. २०११ च्या जनगणनेत सुमारे २३ हजार लोकसंख्या असलेल्या या कसब्याचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्या चिरेतून खाली उतरत आले. जिल्ह्यात अन्यत्र खालच्या गावाच्या विहिरीने जे मुकाट सोसले, ते येथे एका जगप्रसिद्ध सरोवराने सोसले, म्हणून ते दिसले. २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सरोवराच्या रक्षणासाठी जनहितयाचिका दाखल झाली, आणि पुढे अनेक वर्षे सांडपाण्याचा विषय त्या दरबारी पुन्हा पुन्हा निघत राहिला.

सांडपाणी या सरोवराचे नेमके काय बिघडविते हे समजून घेण्यासारखे आहे. नदीत गेलेला नत्र आणि स्फुरद पुढे वाहून जातो; येथे पाणी उडून जाते आणि स्फुरद मागे राहतो, दर वर्षीचा दर वर्षीच्या शिलकेवर चढतो. त्याबरोबर येणारे गोडे पाणी क्षारता पातळ करते, आणि ज्या जीवांची घडण क्षारतेवरच झाली त्यांच्या पायाखालची भूमी हळूहळू काढून घेते. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले तेव्हा टाळेबंदीत अडकलेला सारा देश ती छायाचित्रे पाहत होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की पाणी आटून क्षारता वाढल्यामुळे लवणप्रिय सूक्ष्मजीव माजले होते; तो रंग पुढे ओसरलाही. म्हणजे सरोवराने आपल्या मूळ स्वभावाच्या भरात जे केले त्याची देशभर चर्चा झाली, आणि त्या स्वभावावर रोज पाणी ओतणारी नाली मात्र कोणाच्या छायाचित्रात आली नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोणार रामसर पाणथळींच्या यादीत गेले. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वरानंतरचे ते दुसरे.

सन्मानांची येथे वाण नाही. सन २००० पासून ते अभयारण्य आहे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लेखी राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. आतील झाडीवर वनखात्याचा, मंदिरांवर पुरातत्त्व खात्याचा, रस्त्यांवर बांधकाम खात्याचा आणि वस्तीवर नगरपरिषदेचा अंमल चालतो. इतके रखवालदार असूनही नालीची रखवाली ही ज्याच्या त्याच्या मते दुसऱ्याची. नगरपरिषदेकडे पैसा तुटपुंजा; वनखात्याची हद्द काठापाशी सुरू होते, आणि पाणी काठावर येईपर्यंत ते त्याचे नसते.

वर मांडलेल्या हिशेबाने लोणार कसब्याला सुमारे १० एकर जलपृष्ठाची तळी लागतील, आणि ती काठाच्या बाहेरील उतारावर, विवराकडे पाठ करून असावी लागतील. ज्या वस्तीचा उतार चिरेकडे आहे तिचे पाणी उलट दिशेने न्यावयाचे तर ते कोठेतरी पंपाने उचलावे लागेल. शुद्ध झालेले पाणी शेतीस द्यावे. घाटावरच्या कोरडवाहू शेतकऱ्यास उन्हाळ्यात चाऱ्यापुरते पाणी मिळाले तर तो आनंदाने घेईल. मात्र तेही फिरून विवराच्या बाजूस झिरपणार नाही अशा शेतांनाच द्यावयाचे. यात विज्ञानाला न उमगलेले असे काही नाही. सारा भार त्या उचलपंपावर आहे, कारण उताराने होणारे काम फुकट असते आणि उताराविरुद्धचे काम दर महिन्याच्या वीजबिलावर चालते.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या मुदतीसाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम बंधित ठेवली. निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. या तरतुदीत बांधकामाबरोबर देखभालीच्या खर्चालाही वाव ठेवला, परंतु पंचायतींच्या आराखड्यांत नाली बांधणे या शीर्षाखाली जेवढा उत्साह असतो तेवढा गाळ काढणे या शीर्षाखाली नसतो. घाटाखालच्या एखाद्या पंचायतीने नवी नाली एक वर्ष लांबणीवर टाकून तळ्याच्या काठचे गवत कापणारा माणूस बारा महिन्यांसाठी नेमावा, घाटावरच्या पंचायतीने शोषखड्ड्यांचा गाळ काढण्याचे वेळापत्रक गावच्या फळ्यावर लावावे, आणि प्रत्येक सेप्टिक टँकची नालीत सोडलेली नळी ग्रामसभेच्या समक्ष तपासावी, एवढी कामे जिल्हा परिषदेच्या एका आदेशाने उद्या सुरू होऊ शकतात. लोणारच्या उचलपंपाचे वीजबिल कोणत्या खात्याने भरावे, याचा निर्णय मात्र त्याहून वरच्या कचेरीत, आणि पंप बसविण्याच्या आधी, झालेला असला पाहिजे.